युरिनमधलं सिस्टीन दर वेळी वेगळं येतंय? कॉलमला हात लावण्याआधी कॅनचा तळ बघा

एकच पेशंट, एकच चोवीस तासांचा कॅन आणि तीन रनमध्ये तीन आकडे. पहिल्यांदा दिवसाला १८२ मिलिग्रॅम, रिपीट केलं तर ३४०, आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवलेली ट्यूब काढून तिसऱ्यांदा लावलं तर १५५. क्यूसी (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते तपासणीचं सॅम्पल) तिन्ही दिवस पास, कॅलिब्रेशनची रेघ सरळ, ब्लँक स्वच्छ. डॉक्टरांचा फोन आला की मुतखड्याच्या ॲनालिसिसमध्ये सिस्टीन आलंय, मुलगी चौदा वर्षांची आहे, दोनदा ऑपरेशन झालंय, औषध चालू करायचं तर यातला कुठला आकडा धरू सांगा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा प्रॉब्लेम आमच्या लॅबमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी यायचा आणि दर वेळी आम्ही मशीनच्या मागे लागायचो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कुणाचे तरी दोन महिने वाचतील.

आधी थोडक्यात, जे या टेस्टमध्ये नवीन आहेत त्यांच्यासाठी. सिस्टीन आणि सिस्टेइन ही नावं कानाला सारखी लागतात पण गोष्टी दोन आहेत. सिस्टेइन म्हणजे सल्फर असलेलं साधं अमिनो आम्ल, आणि अशी दोन सिस्टेइन सल्फरला सल्फर जोडून चिकटली की झालं सिस्टीन. सिस्टीन्युरिया या आनुवंशिक आजारात किडनी सिस्टीन, ऑर्निथीन, लायसीन आणि आर्जिनीन ही चार परत शोषून घेऊ शकत नाही, चारही लघवीत उतरतात, पण बाकीची तिन्ही पाण्यात सहज विरघळतात आणि सिस्टीन विरघळत नाही, म्हणून खडा होतो. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅमच्या आत सिस्टीन जातं, या पेशंटमध्ये ते शेकड्यांत असतं. हे सिस्टीन पहिल्यांदा सापडलंच मुळी खड्यात, विल्यम वोलस्टन यांना १८१० मध्ये मूत्राशयातल्या एका खड्यात, म्हणजे या पदार्थाची ओळखच न विरघळणारा अशी आहे, आणि नेमकं हेच आम्ही विसरून बसलो होतो.

आमची पद्धत नेहमीचीच आहे. टीसीईपी (सल्फरची जोडणी तोडणारं रसायन) घालून सिस्टीनचे दोन तुकडे करायचे, म्हणजे सगळं सिस्टेइन होतं, मग बोरेट बफरमध्ये पीएच ९.५ ला एसबीडी-एफ (सिस्टेइनला चिकटून त्याला चमक देणारं रसायन) घालून ६० डिग्रीला तासभर ठेवायचं, आणि एचपीएलसी मशीनच्या सी-१८ कॉलमवर (घटक वेगळे करणारी नळी) सोडून फ्लुरोसन्स डिटेक्टरवर ३८५ नॅनोमीटरला एक्सायटेशन, ५१५ ला एमिशन. प्लाझ्मामधल्या होमोसिस्टेइनसाठी जी पद्धत बऱ्याच लॅबमध्ये चालते तीच, फक्त युरिनसाठी डायल्युशन जास्त.

आकडे उड्या मारायला लागले तेव्हा आम्ही काय काय केलं ते सांगते. कॉलम बदलला. गार्ड बदलला. पंपाचे सील बदलले. इंजेक्टरची सुई धुतली, मग बदलली. टीसीईपीची नवीन बाटली मागवली. एसबीडी-एफची लॉट बदलली. इंजिनिअर येऊन दिवसभर बसला आणि मशीन ठीक आहे म्हणून सही करून गेला, आणि ते खरंच ठीक होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललं होतं सगळं.

एका शनिवारी दुपारी बाकी काम संपल्यावर त्या मुलीचा कॅन टाकून देण्यासाठी फ्रीजमधून काढला. पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन, त्यात १.४ लिटर युरिन. बाहेरून काही दिसत नाही कारण प्लास्टिक दुधी असतं. पण वरचं युरिन ओतून झालं आणि शेवटचं थोडं राहिलं तेव्हा कॅन तिरका करून ट्यूबलाइटखाली धरला तर तळाला सायीसारखा पांढुरका थर, हलवला की मीठ सरकतं तसा सरकत होता. पाश्चर पिपेटने एक थेंब काढून स्लाइडवर घेतला. मायक्रोस्कोपखाली सगळं फील्ड षटकोनी चकत्यांनी भरलेलं, पातळ, रंग नाही, कडा एकदम रेखीव, काही एकमेकांवर चढलेल्या, फरशीच्या तुकड्यांसारख्या. कव्हरस्लिपच्या कडेला पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब सोडला तर तो जसा आत पसरत गेला तशा चकत्या कडेपासून विरघळत गेल्या आणि मिनिटभरात फील्ड रिकामं. युरिक ॲसिडचे क्रिस्टल कधीकधी असेच षटकोनी दिसून फसवतात, पण ते ॲसिडमध्ये विरघळत नाहीत. म्हणजे हे सिस्टीनच. जे आम्ही महिनाभर मशीनमध्ये शोधत होतो ते कॅनच्या तळाला बसलं होतं आणि मी ते बेसिनमध्ये ओतायला निघाले होते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार असं म्हणतात, इथे उलट होतं, आडात भरपूर होतं आणि पोहरा वरवर फिरवून आम्ही म्हणत होतो की पाणीच कमी आहे.

आता हे का होतं ते बघा. पीएच ७ च्या आसपास लिटरभर युरिनमध्ये साधारण २५० मिलिग्रॅम सिस्टीन विरघळलेलं राहतं, म्हणजे जेमतेम १ मिलिमोल. पीएच ७.५ च्या वर गेला की विरघळण्याची क्षमता झपाट्याने वाढते, ८ ला जवळपास दुप्पट होते, म्हणूनच या पेशंटना सिट्रेट देऊन लघवी अल्कली ठेवतात. पण पीएच ५ च्या जवळ, जिथे रेणूवरचा धन आणि ऋण भार सारखा होतो, तिथे ते सगळ्यात कमी विरघळतं. सकाळच्या पहिल्या लघवीचा पीएच बहुतेकदा ५ ते ६ मध्येच असतो. त्यात आपणच पेशंटला सांगतो की कॅन फ्रीजमध्ये ठेवा, गार झालं की क्षमता अजून कमी. आणि त्यातून कुणी कॅल्शियम-ऑक्झलेटसाठी दिलेला ॲसिड घातलेला कॅन सिस्टीनसाठीही वापरला आणि ॲसिड कमी पडलं तर पीएच बरोबर त्या ४-५ च्या खड्ड्यात जाऊन बसतो. पूर्ण ॲसिड असेल, पीएच २ च्या खाली, तर सिस्टीन परत विरघळायला लागतं, पण अर्धवट ॲसिड हे सगळ्यात वाईट.

म्हणजे शरीरातून निघताना ३७ डिग्रीला जे कसंबसं विरघळलेलं असतं ते लॅबमध्ये पोचेपर्यंत खाली बसतं. मग टेक्निशियन वरून ५० मिली ओततो, तो आकडा एक. दुसऱ्या दिवशी दुसरा टेक्निशियन कॅन थोडा हलवून ओततो, तो आकडा वेगळा. फ्रीझरमधली ट्यूब वितळली की परत क्रिस्टल, घाईत व्होर्टेक्स केलं न केलं, आणि पिपेटचं टोक वरच्या भागात बुडवलं. एका सॅम्पलचे तीन आकडे इथून येतात. यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्याला आजार जास्त त्याचंच सिस्टीन जास्त खाली बसतं, म्हणजे चूक नेमकी ज्याला रिपोर्टची गरज आहे त्याच्याच वाट्याला येते. नॉर्मल माणसाचं सॅम्पल आणि विकत आणलेलं क्यूसी कायम बरोबर येणार कारण त्यात खाली बसण्याइतकं सिस्टीनच नसतं. क्यूसी पास झालं म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो ते यामुळे.

तर तुमच्याकडे असं होत असेल तर सगळ्यात आधी ही टेस्ट करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. कॅन न हलवता वरून एक, मधून एक आणि तळातून एक असं सॅम्पल घ्या. तळातलं घेताना पिपेटच्या टिपचं टोक ब्लेडने कापून भोक मोठं करा, नाहीतर क्रिस्टल आत येतच नाहीत. तिन्ही एकाच बॅचमध्ये लावा. त्या मुलीच्या पुढच्या कॅनमध्ये आम्हाला वरचं लिटरला ११८ मिलिग्रॅम आलं, मधलं १२५, आणि तळातलं कॅलिब्रेशनच्या पार बाहेर गेलं. तिन्ही सारखे आले तर कॅन निर्दोष, मग मशीनकडे वळा. वेगळे आले तर मशीनला हात लावू नका.

उपाय काय करतो आम्ही ते आता. कॅन आला की आधी व्हॉल्यूम आणि पीएच, दोन्ही रजिस्टरमध्ये. तळाला काही दिसो न दिसो, पूर्ण कॅन कोमट पाण्याच्या टबात ठेवतो, ३७ डिग्री, पीएच ८ ते ८.५ होईपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालत हलवत राहायचं, किती मिली घातलं ते लिहायचं कारण तेवढं व्हॉल्यूम वाढतं. पीएच वाढला की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा धुरकट गढूळपणा येतो, त्याला घाबरू नका, मायक्रोस्कोपखाली तो बारीक भुकटीसारखा दिसतो, त्यात षटकोन नसतात. षटकोन दिसेनासे झाले म्हणजे झालं. जास्त घाई करून कडक अल्कली ओतून गरम करू नका, तशात सिस्टीन तुटतं आणि सडक्या अंड्यासारखा वास यायला लागतो, तो वास आला की समजा सॅम्पल गेलं. मग मॅग्नेटिक स्टररवर फिरत असतानाच त्यातलं १ मिली काढून ९ मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतो. दहापट पातळ आणि भरपूर ॲसिड, यात सिस्टीन आरामात राहतं, फ्रीझरमधून काढल्यावरही गडबड करत नाही. पुढे सगळी कामं या ट्यूबमधूनच. ॲसिड असल्यामुळे डेरिव्हेटायझेशनच्या (एसबीडी-एफ लावायच्या) वेळी बोरेट कमी पडत नाही ना हे मात्र तपासावं लागतं, त्याबद्दल खाली.

दुसरी गोष्ट पेशंटची. बरेच जण घरी कॅनमध्ये गोळा करतात आणि त्यातलं छोट्या बाटलीत भरून आणतात, चिठ्ठीवर लिहून की एकूण दीड लिटर झालं. त्यांची काही चूक नाही, एवढा मोठा कॅन घेऊन बसमधून कोण येणार, लाजही वाटते लोकांना. पण सिस्टीनसाठी ही बाटली निरुपयोगी आहे, खरा माल घरच्या कॅनच्या तळाला राहिला. आम्ही आता कॅन देतानाच मराठीत छापलेला कागद देतो की पूर्ण कॅन आणा, तळाला पांढरं दिसलं तर धुऊन टाकू नका, आणि काउंटरवरच्या मावशींना सांगून ठेवलंय की सिस्टीनची छोटी बाटली घ्यायची नाही, नम्रपणे समजावून परत पाठवायचं. सुरुवातीला भांडणं झाली, पण कशासाठी ते सांगितलं की लोक ऐकतात.

आता समजा तिन्ही थर सारखे आले आणि तरी आकडा पटत नाही. मग या जागा बघा.

स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत प्रमाणाचं द्रावण) कशापासून बनवलंय ते बाटली हातात घेऊन वाचा. सिस्टेइनची जी बाटली लॅबमध्ये असते ती बहुतेकदा सिस्टेइन हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटची असते, तिचं मोलर वजन १७५.६, आणि नुसत्या सिस्टेइनचं १२१.२. कुणी १२१ धरून वजन केलं की स्टँडर्ड हलकं बनतं आणि सगळ्या पेशंटचे आकडे जवळपास ४५ टक्के चढे येतात. दुसरी चूक दोनच्या गुणाकाराची. एका सिस्टीनपासून दोन सिस्टेइन होतात, त्यामुळे मायक्रोमोलमध्ये रिपोर्ट देताना अर्धे करायचे राहिले की रिपोर्ट दुप्पट. आणि थेट सिस्टीनचं स्टँडर्ड वापरत असाल तर ते पाण्यात बनवायला जाऊ नका, ०.१ नॉर्मल ॲसिडमध्ये विरघळवा, नाहीतर वरचे कॅलिब्रेटर त्याच न विरघळण्याच्या रोगाने मार खातात आणि रेघ वरच्या टोकाला वाकते.

टीसीईपी रोज ताजं करा. फॉस्फेट बफरमध्ये न्यूट्रल पीएचला ते टिकत नाही, आदल्या दिवशीचं वापरलं की रिडक्शन, म्हणजे सिस्टीन तोडण्याचं काम, अर्धवट होतं आणि गंमत म्हणजे हे सिस्टेइनच्या स्टँडर्डवर अजिबात दिसत नाही कारण त्याला रिडक्शनची गरजच नसते. म्हणून क्यूसीमध्ये एक सिस्टीनचं सॅम्पल असलंच पाहिजे. बोरेटचा पीएच तर एका जास्तीच्या वायलमध्ये सगळी रिएजंट मिसळून पट्टीने बघायचा, बाटलीतल्या बफरचा बघून उपयोग नाही, कारण ॲसिड पडल्यावर तो कुठे येतो तेच महत्त्वाचं. ९ च्या खाली आला की एसबीडी-एफ नीट लागत नाही.

डायल्युशनची परीक्षा करा. एकच सॅम्पल २० पट आणि ४० पट पातळ करून लावा, गुणाकार केल्यावर दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. ४० पटीचं उत्तर जास्त येत असेल तर २० पटीमध्ये एसबीडी-एफ संपतंय किंवा युरिनमधलं काहीतरी आड येतंय किंवा डिटेक्टर भरतोय, अजून पातळ करा. ही परीक्षा फार सोपी आहे आणि फार कमी लोक करतात.

आता औषधांकडे येते, कारण इथे मला स्वतःला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सल्फरच्या टेस्टमध्ये इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक सॅम्पलमध्ये सारखाच घालायचा तुलनेचा पदार्थ) म्हणून काही लॅबमध्ये एन-असिटाइलसिस्टेइन वापरतात, काही ठिकाणी मर्कॅप्टोप्रोपिओनिल ग्लायसीन. असिटाइलसिस्टेइन म्हणजे कफ पातळ करायला पाण्यात विरघळवून घेतात त्या गोळीतलं औषध, आणि कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायच्या आधी किडनी सांभाळायलाही काही डॉक्टर ते देतात, मुतखड्याच्या पेशंटचं सीटी तर होतंच. आणि मर्कॅप्टोप्रोपिओनिल ग्लायसीन म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, टायोप्रोनिन, सिस्टीन्युरियाचंच औषध. पेशंटच्या लघवीत ते आधीच असतं, आपण वरून अजून घालतो, इंटर्नल स्टँडर्डचा पीक (ग्राफवरचा उंचवटा) फुगतो, गुणोत्तर खाली येतं आणि सिस्टीन कमी दिसतं. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडलं. आमच्याकडे असे किती रिपोर्ट गेले असतील हे आठवून आजही झोप लागत नाही कधीकधी. ओळखायचं कसं, तर प्रत्येक बॅचमध्ये इंटर्नल स्टँडर्डचं एरिया एका खाली एक लिहून काढा, एखादं बाकीच्यांपेक्षा ठळक मोठं दिसलं की ते सॅम्पल इंटर्नल स्टँडर्ड न घालता परत सोडा. त्या जागी पीक आला तर कळलं. आम्ही आता सिस्टामीनवर आलोय, ते सिस्टीन्युरियाच्या पेशंटना औषध म्हणून देत नाहीत.

टायोप्रोनिन आणि पेनिसिलामीनचा दुसरा घोळ तर पद्धतच बदलायला लावतो. ही औषधं सिस्टीन तोडून अर्ध्या भागाला स्वतः चिकटतात, तयार झालेली जोडी सिस्टीनपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, आणि म्हणूनच खडा होत नाही. पण आपण ट्यूबमध्ये टीसीईपी घातला की ती जोडीही तुटते आणि तिच्यातलं सिस्टेइन मोकळं होऊन आपल्या पीकमध्ये मिसळतं. म्हणजे औषध काम करत असूनही रिपोर्टमध्ये सिस्टीन जसंच्या तसं. इथे रिडक्शन करून चालत नाही, जुनी आयन एक्स्चेंजची निनहायड्रिन पद्धत लागते, ज्यात काही न तोडता सिस्टीनचा पीक व्हॅलीन आणि मेथिओनीनच्या मधे स्वतंत्र येतो आणि औषधाची जोडी वेगळ्या जागी. स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांनी स्पॅकमनबरोबर १९५८ मध्ये या पद्धतीचं मशीन बनवलं, पुढे १९७२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि एवढ्या वर्षांनीही या एका कामाला मला त्याहून भरवशाचं काही मिळालेलं नाही. हळू आहे, एका सॅम्पलला दोन-दोन तास जातात, पण औषध चालू असलेल्या पेशंटसाठी आम्ही सॅम्पल तसल्या मशीनवर पाठवतो आणि आमच्या एचपीएलसीवर लावत नाही.

रिटेन्शन टाइम (पीक येण्याची वेळ) सरकण्याबद्दल फार लिहीत नाही, मोबाइल फेजचा पीएच ॲसिटोनायट्राइल घालण्याआधी बघा, कॉलम ओव्हन चालू ठेवा, रात्री एसी बंद करून उन्हाळ्यात सकाळी लगेच रन लावू नका.

आमच्या टेस्टच्या फॉर्मवर आता तीन ओळी वाढवल्यात. पूर्ण कॅन आणलाय का. कॅनमध्ये ॲसिड घातलंय का. आणि गेल्या दोन-तीन दिवसांत खोकल्याची पाण्यात विरघळणारी गोळी, सीटीआधीचं औषध किंवा खड्याचं औषध घेतलंय का, घेतलं असेल तर नाव. तिसरी ओळ भरल्याशिवाय सॅम्पल आत येत नाही.

त्या मुलीचं औषध तोवर चालू झालं नव्हतं, डॉक्टर आमच्यासाठी थांबले होते. ज्या कॅनचे तीन थर तपासले तोच कॅन पूर्ण विरघळवून लावला, लिटरला ४३० आलं, १.४ लिटरचे दिवसाला ६०२ मिलिग्रॅम. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या टेक्निशियननी परत लावलं, ५९५ आणि ६०८. मी स्वतः डॉक्टरांना फोन केला, आधीचे तिन्ही रिपोर्ट रद्द करा असं मी त्यांना म्हणाले, आणि का ते सांगितलं.